विश्लेषण : मालिकेत पुढच्या भागात सुटका, प्रत्यक्षात काय? गगनबावड्याच्या घरातून कळंब्याच्या तुरुंगाकडे पाहताना...

मालिकेतल्या नायिकेला सोमवारी अटक होते आणि शुक्रवारच्या भागात ती घरी परतून तुळशीपुढे दिवा लावते. वेब मालिकेत आरोपी तुरुंगात पाऊल ठेवताच दादा लोकांच्या टोळीत ओढला जातो. सिनेमात म्हातारा कैदी ‘चौदा वर्षे भोगून’ बाहेर येतो आणि मोठ्या लोखंडी दरवाजापुढे कोणीतरी त्याची वाट पाहत उभे असते. तुरुंगाची पायरी कधी न चढलेल्या बहुतेकांची तुरुंगाविषयीची कल्पना अशा दृश्यांतूनच तयार होते. अडचण तेव्हा येते जेव्हा गावातल्याच कुणाला तरी अटक होते. घरचे लोक पडद्यावर पाहिलेल्या समजुतींवर धावपळ करतात आणि गावही त्याच समजुतींवर निकाल देऊन मोकळे होते. पडद्यावरचा तुरुंग आणि खरा तुरुंग यांत अंतर किती, याचा हा आढावा.

अटक झाली म्हणजे ‘जेल’ झाली का?

मालिकांमध्ये सर्वाधिक गोंधळ होतो तो इथेच. पोलीस ठाण्यातील कोठडी आणि कारागृह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गगनबावडा पोलीस ठाण्याच्या हद्दीत एखाद्याला अटक झाली, तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. तपासासाठी गरज असेल तर न्यायालय पोलीस कोठडी देते. ही कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हे १५ दिवस सलगच असले पाहिजेत असे नाही, सुरुवातीच्या ४० किंवा ६० दिवसांत ते तुकड्यातुकड्याने मागता येतात.

पोलीस कोठडी संपली की न्यायालयीन कोठडी सुरू होते. आरोपीची रवानगी कारागृहात होते ती या टप्प्यावर. कोल्हापूर जिल्ह्यात याचा अर्थ बहुतेक वेळा शहरातले बिंदू चौकातील कारागृह किंवा कळंबा मध्यवर्ती कारागृह. राज्यात येरवडा, आर्थर रोड, ठाणे, तळोजा, नाशिक रोड, हर्सूल, अमरावती आणि नागपूर यांच्या बरोबरीने कळंबा हे मध्यवर्ती दर्जाचे कारागृह आहे.

तपास पूर्ण करून ६० किंवा गंभीर गुन्ह्यांत ९० दिवसांत पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. पण तो आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. हा साधा मुद्दा एकाही मालिकेत कळत नाही आणि वकील नसलेल्या घराला तो माहीत नसतो.

तुरुंगात असतात ते सगळे गुन्हेगारच?

पडद्यावरचा तुरुंग सराईत गुन्हेगारांनी भरलेला असतो. आकडे वेगळे सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार डिसेंबर २०२२ अखेर देशातील कारागृहांत ५ लाख ७३ हजार २२० बंदी होते. त्यांतील ४ लाख ३४ हजार ३०२, म्हणजे जवळपास ७६ टक्के, कच्चे कैदी होते. ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही, असे. शिक्षा झालेले होते १ लाख ३३ हजार ४१५. म्हणजे चार बंद्यांपैकी तिघे कायद्याच्या नजरेत अजून निर्दोषच होते. कारागृहांतील गर्दी क्षमतेच्या १३१ टक्के होती.

मधुर भांडारकर यांचा ‘जेल’ (२००९) आणि हॉटस्टारवरील ‘क्रिमिनल जस्टिस’ (२०१९) या कलाकृतींनी कच्च्या कैद्याची घुसमट मध्यवर्ती ठेवली, हे त्यांचे श्रेय. पण दोन्हींत नायक शहरी आणि शिकलेला तरुण आहे. वकिलाची फी कुठून आणायची, तारखेला कोल्हापूरला जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते त्याचे काय, हे ज्या घराचे प्रश्न आहेत ते घर पडद्यावर क्वचितच येते.

पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, चक्की आणि अंधारकोठडी खरी की खोटी?

कच्च्या कैद्याला स्वतःचे कपडे वापरता येतात. १८९४ च्या कारागृह कायद्यातच तशी तरतूद आहे. गणवेश असतो तो शिक्षा झालेल्यांना. सक्तमजुरी म्हणजे दगड फोडणे आणि चक्की पिसणे हे चित्रही जुने झाले. कळंब्यासह राज्यातील मोठ्या कारागृहांत सुतारकाम, विणकाम, शिवणकाम, बेकरी असे विभाग चालतात. कोल्हापूरकरांना याचे घरगुती उदाहरण ठाऊक आहे. अंबाबाईच्या मंदिरातील प्रसादाचे लाडू काही काळ कळंब्यातील बंदीच वळत होते.

या कामाचा मोबदला मिळतो, पण कुशल बंद्यालाही तो दिवसाला शंभर रुपयांच्या आतच राहिला आहे. बंद्यांना न्याय्य वेतन मिळाले पाहिजे आणि त्याचा काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी राखून ठेवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितले होते.

अंधारकोठडीबाबतही तसेच. जेलरच्या मर्जीनुसार कैद्याला महिनोन्‌महिने एकांतात डांबणे कायद्यात बसत नाही. शिक्षा म्हणून एकांतवास देण्याचा अधिकार न्यायालयाचा आणि त्याची कमाल मर्यादा तीन महिने. सुनील बत्रा खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने याबाबत प्रशासनाला चाप लावला.

पडदा जे दाखवायला विसरला, तेही आहे. कारागृहात कामाची वाटणी जातीवरून होत होती. झाडलोट एका जातीकडे, स्वयंपाक दुसऱ्या जातीकडे, अशा तरतुदी अनेक राज्यांच्या नियमावलींत छापलेल्या होत्या. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या घटनाबाह्य ठरवल्या. तुरुंगातल्या मारामाऱ्यांवर शेकडो तासांचे चित्रीकरण झाले, हा विषय मात्र एका पत्रकाराच्या चिकाटीने समोर आला.

अर्थात हिंसा ही निव्वळ पटकथाकारांची कल्पना नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यातील शिक्षा झालेल्या एका बंद्याचा जून २०२४ मध्ये कळंबा कारागृहातच इतर बंद्यांनी खून केला. पण अशा घटनांची बातमी होते. बराकीत जागा मिळण्यासाठीची रोजची कटकट, आजारपण आणि ‘तारीख कधी लागणार’ ही घालमेल यांची होत नाही, आणि बहुतेकांचा तुरुंगवास त्यातच जातो.

जामीन मंजूर झाला की लगेच सुटका?

न्यायाधीशांनी ‘जामीन मंजूर’ म्हटले की पुढच्या दृश्यात आरोपी बाहेर, हा मालिकेचा नियम. प्रत्यक्षात जामिनाचा आदेश, जातमुचलका, जामीनदार, त्याची कागदपत्रे, त्यांची पडताळणी आणि मग कारागृहात आदेश पोहोचणे, अशी साखळी असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये अभिनेता शाहरुख खान यांचा मुलगा आर्यन याला मुंबई उच्च न्यायालयाने २८ तारखेला जामीन दिला. अभिनेत्री जुही चावला जामीनदार राहिल्या. तरीही आर्थर रोड कारागृहाच्या जामीनपेटीत ठरलेल्या वेळेत आदेश न पडल्याने आणखी एक रात्र आत काढावी लागली आणि सुटका झाली ३० तारखेला. पुढे मे २०२२ मध्ये त्याचे नाव दोषारोपपत्रातून वगळले गेले. नामांकित वकील हाताशी असलेल्या घराला दोन दिवस लागतात, तर जामीनदार शोधण्यापासून सुरुवात करणाऱ्या वाडीवरच्या घराला किती लागतील, याचा अंदाज करता येतो.

जामीनदाराकडे सातबारा, घरपट्टीची पावती, पगारपत्रक असे काहीतरी लागते. ज्याच्याकडे ते आहे, तो ‘कोर्टाच्या भानगडीत’ पडायला तयार नसतो. मोतीराम खटल्यात १९७८ साली एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीनदार, तोही त्याच जिल्ह्यातला, मागण्यात आला होता. गरिबाला परवडणार नाही असा जामीन म्हणजे जामीन नाकारणेच, असा त्या निकालाचा आशय. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले, की जामीन आदेशाची प्रत ई-मेलने थेट कारागृह अधीक्षकांकडे जावी, सात दिवसांत सुटका न झाल्यास विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे आणि स्थानिक जामीनदाराचाच हट्ट धरू नये.

पैशांअभावी अडकलेल्यांसाठी केंद्राने २०२३ पासून योजना आणली आहे. २०२३ च्या मूळ नियमांत कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याला दंड भरण्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. काही गंभीर कायद्यांखालील गुन्हे यातून वगळलेले आहेत.

याशिवाय नव्या संहितेच्या कलम ४७९ नुसार यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपी व्यक्तीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर तिला सोडण्याची तरतूद आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची. मृत्युदंड किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेले आरोपी यात बसत नाहीत. अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे. तरीही घरच्यांनी तारखा मोजून ठेवलेल्या बऱ्या.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे?

मराठी-हिंदी सिनेमाने रुजवलेला हा सर्वांत पक्का गैरसमज. जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यातच स्पष्ट केले. ‘चौदा’ हा आकडा वेगळ्या कारणाने आला. ज्या गुन्ह्याला मृत्युदंडाचीही तरतूद आहे, त्यात जन्मठेप झालेल्याला किमान १४ वर्षे भोगल्याशिवाय शिक्षामाफीवर सोडता येत नाही. म्हणजे १४ वर्षांनंतर सरकार विचार करू शकते. सोडलेच पाहिजे असे नाही. ही माफी कोणी द्यायची यालाही नियम आहेत. बिल्किस बानो प्रकरणात गुजरात सरकारने दिलेली माफी सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी रद्द केली, कारण खटला मुंबईत चालला होता आणि तो अधिकार महाराष्ट्राचा होता.

‘आता तुला फाशीच होणार’ हे वाक्य ‘सीआयडी’मुळे घरोघरी पोहोचले. प्रत्यक्षात सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. अजमल कसाबला विशेष न्यायालयाने मे २०१० मध्ये शिक्षा सुनावली. उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय आणि दयेचा अर्ज हे टप्पे ओलांडून ती येरवड्यात अमलात आली २१ नोव्हेंबर २०१२ रोजी.

फर्लो आणि पॅरोल यांतील फरक काय?

बातम्यांतही हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. फर्लो म्हणजे संचित रजा. ठरावीक शिक्षा भोगल्यावर, वर्तन चांगले असेल तर कुटुंबाशी नाते टिकावे म्हणून ती मिळते आणि तो काळ शिक्षेत धरला जातो. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. घरातले गंभीर आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणांसाठी ती मिळते आणि तो काळ शिक्षेत मोजला जात नाही. दोन्हींसाठी पोलिसांचा अहवाल लागतो. गावातून ‘हा आला तर शांतता बिघडेल’ असे सांगितले गेले तर अर्ज अडतो. येरवड्यात शिक्षा भोगताना अभिनेता संजय दत्त याला मिळालेल्या रजांवरून राज्यभर वाद झाला. कागदपत्रे आणि जामीनदार यांअभावी रजेचा हक्क असूनही ती न मिळालेल्या बंद्यांची चर्चा मात्र झाली नाही.

सुटल्यानंतरची गोष्ट पडदा का सांगत नाही?

कारण बहुतेक कथा तुरुंगाच्या दरवाजाशी संपतात. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी संजय दत्त येरवड्यातून बाहेर पडला, तेव्हा तिरंग्याला सलाम करतानाचे दृश्य देशभर दिसले. त्याच्यासाठी कॅमेरे, गाडी आणि पुढचा सिनेमा तयार होता. ‘शॉशँक रिडेम्प्शन’ (१९९४) या अमेरिकी सिनेमातील वृद्ध ग्रंथपाल कैद्याची कथा म्हणूनच अनेकांच्या लक्षात राहिली. अर्धे आयुष्य आत गेलेल्या माणसाला बाहेरचे मोकळे जग पेलत नाही, हे त्यात दिसले. ‘स्कूप’ (२०२३) ही मालिका ज्यांच्या अनुभवावर बेतली, त्या पत्रकार जिग्ना वोरा यांना नोव्हेंबर २०११ मध्ये अटक झाली, जुलै २०१२ मध्ये जामीन मिळाला आणि निर्दोष सुटका झाली २०१८ मध्ये. भायखळ्याच्या तुरुंगातले दिवस महिन्यांत मोजता येतात, आरोपीचा शिक्का मात्र सात वर्षे राहिला.

समजा, गगनबावडा तालुक्यातील एखाद्या वाडीवरचा तरुण तीन वर्षांनी निर्दोष सुटला. त्याला आधी काय भेडसावेल? नव्वद दिवस न वापरलेले प्रीपेड सिम बंद होऊ शकते. नंबर गेला की आधार, बँक, गॅस, रेशन यांचे ओटीपी गेले. रेशनकार्डची ई-केवायसी राहिलेली. बँक खाते निष्क्रिय. असळजच्या साखर कारखान्याच्या हंगामात काम मागायला जावे, तर मधल्या तीन वर्षांचे काय सांगायचे? मुंबई-पुण्यात सुरक्षारक्षकाची नोकरी पाहावी, तर पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला हवा. घराने वकिलासाठी काढलेले कर्ज डोक्यावर. आणि तालुका एवढा लहान की एसटीत बसलेल्या निम्म्या लोकांना त्याचे नाव ठाऊक.

चुकीच्या कारावासासाठी भरपाई मिळेल का? आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात त्याची शिफारस केली होती. २००६ च्या मुंबई रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात दोषी ठरवलेल्या सर्व १२ जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले, तेव्हा घटनेला १९ वर्षे झाली होती. या निकालाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. पण गेलेल्या वर्षांचे काय, या प्रश्नाला आजच्या कायद्यात थेट उत्तर नाही.

शिक्षा भोगलेल्यांना कोणते हक्क उरतात?

‘जेल झाली म्हणजे सगळे संपले’ हेही अर्धसत्य. कारागृहात असताना, कच्च्या कैद्यालासुद्धा, मतदान करता येत नाही. सुटल्यावर तो हक्क परत मिळतो. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर सहा वर्षे विधानसभा किंवा लोकसभेची निवडणूक लढवता येत नाही, कायमची बंदी नसते. सरकारी नोकरीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात सांगितले, की माहिती खरी द्यावी लागेल, पण गुन्ह्याचे स्वरूप पाहूनच अधिकाऱ्यांनी निर्णय घ्यावा. किरकोळ गुन्ह्यात पहिल्यांदा सापडलेल्यांना १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडता येते आणि तसे सोडल्यास त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रताही लागू होत नाही.

मदतीच्या काही वाटाही आहेत. जिल्ह्याचे परिवीक्षा अधिकारी आणि महिला व बालविकास विभाग पुनर्वसनाचे काम पाहतात. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून बंदी आणि सुटलेल्यांसोबत काम करतो. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ पासून येरवड्यातून ‘जिव्हाळा’ ही कर्ज योजना सुरू केली. बंद्याला त्याच्या तुरुंगातील कमाईच्या भरवशावर ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज, ७ टक्के व्याजाने. मुलांच्या शाळेची फी, आजारपण, वकिलाचा खर्च यांसाठी सावकाराचे दार टाळता यावे, हा हेतू.

‘दो आँखे बारह हाथ’ने दाखवलेला तुरुंग खरा होता का?

गंमत अशी, की तुरुंगावरचा सर्वांत स्वप्नाळू वाटणारा भारतीय सिनेमा वास्तवाच्या सर्वांत जवळचा निघतो. मूळचे कोल्हापूरचे व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या या चित्रपटात एक जेलर सहा खुनी कैद्यांना भिंतीबाहेर शेतावर नेतो. कथा ग. दि. माडगूळकरांची. त्यांच्याच आटपाडी परिसरात तत्कालीन औंध संस्थानाने १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही मुक्त वसाहत सुरू केली होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात पुढाकार होता. चित्रपटाला १९५८ मध्ये बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले.

 स्वतंत्रपुरात बंद्याला बायकामुलांसह राहून शेती करता येते, आणि ही वसाहत आजही सांगली जिल्ह्यात सुरू आहे. इथे पोहोचतात ते शिक्षेचा मोठा काळ चांगल्या वर्तनाने काढलेले मोजके बंदी. राज्यातील गर्दीच्या तुलनेत ही संख्या फारच थोडी. म्हणजे उपाय आपल्याच भागात ८० हून अधिक वर्षे सिद्ध होऊन उभा आहे, तो पसरलेला मात्र नाही.

गगनबावड्यातील कुटुंबाने नेमके काय करावे?

अटकेनंतर पहिल्याच दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलाची मागणी करता येते. कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न कितीही असले तरी, हा हक्क आहे. राष्ट्रीय ई-मुलाकात प्रणालीवरून भेटीची वेळ मोबाइलवर नोंदवता येते. गगनबावड्याहून कोल्हापूर ५५ किलोमीटरच्या आसपास आणि पावसाळ्यात हा प्रवास लांबतो, त्यामुळे हेलपाटा वाचणे ही मोठी गोष्ट. उच्च न्यायालयात जामिनासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठीचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले आहे. आत असलेल्या व्यक्तीचे सिम सुरू ठेवणे, रेशनकार्डावरील नाव टिकवणे आणि अटकेची तारीख व लावलेली कलमे वहीत लिहून ठेवणे ही कामे घरबसल्या होतात, आणि सुटका झाल्यावर पहिल्या महिन्यात तीच सर्वांत उपयोगी पडतात.

गावाच्या वाट्याला येणारे काम आणखी सोपे आहे. अटक म्हणजे आरोप, दोषसिद्धी नव्हे. चौघांपैकी तिघांचा निकाल अजून लागायचा आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पारावरचा खटला थोडा उशिरा सुरू होईल.